लुगड्याचा काठ

"ह्यो काठ कुणाला दावतीस गं?"

पाटलीण खळ्याच्या कडंला उभी राहून इचारत व्हती. माझ्या डोक्यावर पेंढ्याचा भारा. भाऱ्याखाली माझं तोंडबी दिसत नसंल तिला, पर काठ बरोबर दिसला. भात झोडायचं काम चाललं व्हतं. सात-आठ बापय पेंढ्या आपटत व्हते, ते थांबले.

"भारा टाक. फुडं ये."

म्या भारा टाकला. फुडं गेले. अंगावर निळं लुगडं व्हतं, चार बोटं रुंद लाल काठाचं. निऱ्या सोडलेल्या आन् खाली काठ मोकळा. काय चुकलं ते मला कळंना. खरंच कळंना. माझी सासू, तिला मी आत्या म्हणत व्हते, ती पलीकडं पेंढा गोळा करत व्हती. तिला एका नजरंत कळलं. ती धावली आन् पाटलिणीपासनं चार हात लांब भुईला डोकं टेकून म्हणाली, "जोहार, पाटलीणबाय. पोर धरणावनं आलीया. इसरली. घरी जाऊन आत घालती."

"घरी न्हाई. हितंच सोड आन् हितंच नेस. समद्यांम्होरं शिकली म्हंजे परत इसरायची न्हाई."

बायांनो, लुगडं सोडलं की खाली काय ऱ्हातं ते तुमाला सांगायला नगं. वर तेवढी चोळी.

मी हालले न्हाई. दगडावानी उभी. तर आत्यानंच माझा कास्टा ओढला. माझ्या सासूनं. ती बारीक आवाजात म्हणत व्हती, "मुकाट ऱ्हा गं माजे बाय, मुकाट ऱ्हा." तिनं आपला पदर आडोशाला धरला. पदर असा केवढा असणार? आमची लुगडी आखूडच. एका अंगानं झाकावं तर दुसऱ्या अंगानं उघडं. आत्यानं सगळं सोडलं, काठ आतल्या अंगाला दुमडला, निऱ्या घातल्या. बाहेरनं नुसतं निळं सपाट कापड. काठाचं नावनिशाण न्हाई.

एकदोघं हसले. बाकीचे नुसते बघत व्हते. माझा नवरा खळ्याच्या त्या टोकाला बैलांची दावी धरून उभा. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच न्हाई. लुगडं त्यानंच घेतलेलं. खळं पाटलाच्या घरामागंच; त्याची धाकली सून सैपाकघराच्या दारात उभी व्हती, दिस गेलेले तिला, माझ्याच वयाची. तिच्याबी लुगड्याला असाच लाल काठ. माझी नि तिची नजरानजर झाली, तशी ती पाठ फिरवून आत गेली.

"आता भारा उचल," पाटलीण म्हणाली.

म्या उचलला. सांच्यापातूर भारे वाहिले.

त्या वक्ताला मी सतरा-अठरा वर्साची असंन. संस्थानी राज हाय आमच्याकडं. आमचं गाव येल्ह्याच्या खोऱ्यात, तोरण्याच्या पायथ्याला. पंचवीस-तीस घरं मराठ्यांची, खालच्या अंगाला आमचा महारवाडा, सात घरांचा. आमच्या बायांनी लुगड्याचा काठ दावायचा न्हाई असा गावाचा कायदा. लिवलेला कुठं? कुठंच न्हाई. पर समद्यांस्नी पाठ. काठ आत दुमडून त्याच्यावर निऱ्या घालायच्या, म्हंजे लांबनं बघणाऱ्याला कळावं की येतीया ती कोण हाय. मोठ्या घरची बाय असंल तर लोक बाजूला व्हायचे. बिनकाठाची असंल तर आमीच बाजूला व्हायचं. चेहरा बघायची गरजच न्हाई कुणाला. पायाकडं बघितलं की झालं.

माझं माहेर किकवीचं. तितंबी हेच. पर माझी आय लवकर मेली म्हून मला काठ घालायला आत्यानं शिकवलं. लग्न होऊन आले तवा मी बारा वर्साची. आत्यानं मला म्होरं उभं केलं, काठ चिमटीत धरून दावला. "असा. दोन बोटं दुमडायचा, परत दोन बोटं दुमडायचा. चालताना निसटला न्हाई पायजे." लई मायेनं शिकवलं बरं का तिनं. भाकरी थापायला शिकवली त्याच मायेनं. तिला वाटायचं, सुनेला चांगलं वळण लावतीया.

मंग दुष्काळी वर्स आलं आन् आमी दोघं नवराबायकू भोरजवळ भाटघरच्या धरणावर गेलो. दोन वर्सं ऱ्हायलो तितं. म्या चुन्याच्या पाट्या वाहिल्या. त्या धरणावर कुठनं कुठनं माणसं आलेली. माझ्या टोळीत नगरकडची एक बाय व्हती, आमच्यातलीच, तोंडाची फटकळ. पहिल्याच दिशी माझ्या निऱ्यांकडं बघून म्हणाली, "का गं, चोरलाय का काठ? लपवून ठिवलायस त्यो."

म्या सांगितलं, आमच्याकडं रीत हाय.

"आगं, हितं कोण पाटील बसलाय? पाटी वाहायची तर काठ आत असला काय नि बाहेर काय. काढ."

म्या काढला. पहिलं आठ दिस लाज वाटली. उघडं पडल्यागत वाटायचं. मंग सवय झाली. काठ असा पायावर आपटायचा चालताना, मला त्याची गंमत वाटायची. नवऱ्याच्या हातात रोकडा पैसा आला तसा एका बाजाराच्या दिशी भोरला आमी लुगडं घ्यायला गेलो. दुकानाच्या पायरीखाली उभं ऱ्हायलो. मुसलमान म्हातारा दुकानदार व्हता. त्यानं लुगडं पायरीवरच उलगडलं, काठ माझ्याकडं केला आन् म्हणाला, "हात लावून बघ, बेटी. रंग जायचा न्हाई ह्येचा." हात लावून बघ म्हणाला. आमी हात लावला तर माल बाटतो, हे मला ठावं; त्याला ठावं नसंल असं न्हाई. म्या काठावरनं हात फिरवला. नवरा हसत व्हता तवा माझ्याकडं बघून.

तेच लुगडं नेसून मी सुगीला गावाला आले. येसकरकीची पाळी आमच्या घरावर आली व्हती म्हून यावं लागलं. येसकरकी म्हंजे वेशीची राखण, गावाचा सांगावा पोचवायचा, आन् त्यापायी घरटी भाकर मागून आणायची. आल्या दिशीच पाटलाच्या खळ्यावर बोलावणं आलं. दुसऱ्या दिशी सकाळी लुगडं नेसले, भारा उचलला, गेले. दोन वर्सांत हाताची सवय मोडली व्हती. काठ आत घालायचा असतो हे माझ्या मनातच आलं न्हाई. एवढाच माझा गुन्हा.

खळ्यावरनं घरी आल्यावर मला वाटलं, नवरा काय तरी बोलंल. शिव्या घालंल पाटलिणीला, निदान घरात बसून तरी. त्यानं पाणी पिलं आन् म्हणाला, "काठ आत घालायला काय जातंय तुझं?"

माझं काय जातंय. म्या त्याच्याकडं बघत ऱ्हायले. धरणावर ह्योच माणूस हसला व्हता का माझ्याकडं बघून? 

त्यानंतरचं दिस मला नीट आठवत न्हाईत. पाण्याला गेले की गुंजवणी नदीच्या डोहाकडं बघत बसायची. वाटायचं, उतरावं आत, संपवावं. खरं सांगते, दोनदा गुडघाभर पाण्यात गेले. मंग मनात यायचं, बुडाले तर लुगडं सुटंल, मढं उघडं तरंगंल, आन् परत तेच बापय येतील बघायला. तेवढ्यापायी मागं फिरले. जीव प्यारा व्हता म्हून न्हवं.

निळं लुगडं गाडग्यात कोंबून ठिवलं. जुनं धडपं नेसायची. काठ आत. पाटलीण वाटंत दिसली की म्हणायची, "आता कशी!"

महिना-सव्वा महिन्यानं पाटलाची धाकली सून बाळंतपणात गेली. पोर आडवं आलं, दोघंबी गेली. वाईट झालं. सैपाकघराच्या दारात पाठ फिरवली तिनं, त्येचा राग व्हता माझ्या मनात, पर त्या दिशी रडू आलं. तिची पाठ सारखी डोळ्याम्होरं येत व्हती.

सरणाची लाकडं आमच्याच लोकांनी वाहिली. सवाष्ण मेली म्हून तिला हिरवंगार नवं लुगडं नेसवलेलं, वर पांघरायला दुसरं. त्येला भला थोरला काठ. मढ्यावर पांघरलेलं कापड मसणात महाराला मिळायचं, त्यो आमचा हक्क. हक्क म्हणायचे त्येला. नवरा ते घेऊन घरी आला. हळदकुंकवाचे डाग पडलेले त्याच्यावर. 

आत्यानं ते धुतलं, वाळवलं. दुसऱ्या दिशी दारात बसली, कापडाचं टोक दातात धरलं आन् काठ टर्रकन फाडायला लागली.

"काय करतीस आत्या?"

"काठ काढती. तुला नेसाया होईल. आत दुमडायलाच नगं, निसटायची भीती न्हाई."

चांगल्या मनानं करत व्हती. माझ्यापायीच करत व्हती. मी बघत ऱ्हायले. एक हात फाटला, दोन हात फाटला. आन् माझ्या डोक्यात काय तरी फुटल्यागत झालं. हाच काठ काल मढ्यावर व्हता. गावानं खांद्यावर घेऊन मिरवला. मेलेल्या बाईला काठ चालतो. आमच्यातल्या जित्या बाईला न्हाई. मंग आमी मढ्याच्याबी खालचं. मढ्याला तरी आधी माणूस म्हणत असतील.

म्या आत्याच्या हातातनं ते लुगडं ओढून घेतलं. 

"हे मी नेसणार न्हाई. मढ्याचं ह्या घरात आता कुणीच नेसायचं न्हाई."

"मंग काय उघडी फिरशील?"

"माझं हाय मला."

गाडग्यातनं निळं लुगडं काढलं. चुरगाळलेलं. झटकलं, नेसले. काठ बाहेर. आत्या तोंडावर हात घेऊन बसली. 

तेराव्याच्या जेवणाला गावाची पंगत उठली की उरलंसुरलं न्यायला महारवाडा पाटलाच्या अंगणाबाहेर जाऊन बसायचा. त्या दिशी मीबी गेले. बसले न्हाई, उभी ऱ्हायले. गावातली समदी माणसं तितंच. पहिल्यांदा बायांनी बघितलं, मंग बापयांनी. पाटील ओसरीवरनं म्हणाला, "काठ आत घे."

"न्हाई."

एवढंच म्हणायचं ठरवून गेले व्हते. पर पाटलीण दारात आली. रडून रडून डोळं सुजलेले तिचं. म्हणाली, "माझ्या घरात सुतक हाय आन् तुला नटायचं सुचतंय, रांडं?"

आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, "तुमच्या सुनंला तिरडीवर काठ दिला तुमी. मला जितेपणी पायजे. मरायची वाट मी बघणार न्हाई."

पाटलीण मटकन खाली बसली. सून गेलेली बाय ती. बोलू नये ते मी बोलले. आजबी आठवलं की वाईट वाटतं. पर बोललेलं मागं घेत न्हाई.

मला मारलं. ते सांगत बसत न्हाई. निळ्या लुगड्याला पाठीवर दोन जागी भोकं पडली, काठ तेवढा धड ऱ्हायला.

मंग गावानं भाकर बंद केली. येसकरकी काढून दुसऱ्या घराला दिली. माझ्या नवऱ्याला कुणी कामाला बोलवीना. रानात लाकडाला गेलं तर कोयता काढून घ्यायचे. महारवाड्यातली माणसं आमच्या दारावरनं जाताना तोंड फिरवून जायची. त्यांचं तरी काय चुकलं, उद्या त्यांचीबी भाकर बंद झाली असती. गाव करील ते राव काय करील. नवऱ्यानं चावडीवर जाऊन नाक घासलं. गाव म्हणाला, तू कशाला घासतोस, जिचा काठ हाय तिला आण. त्यो घरी येऊन मला म्हणाला, "एकतर चावडीवर चल, न्हाईतर किकवीला बापाकडं जा."

"दोन्ही न्हाई," म्हणाले.

त्यो कामाच्या शोधात घाट उतरून कोकणाकडं गेला. घरात मी आन् आत्या.

आत्या मला शिव्या द्यायची. "माझ्या म्हातारीच्या तोंडची भाकर काढलीस. एका चिंधीपायी." बरोबर व्हतं तिचं. रानातले कडू कंद उकडून खायचो. नाचणीचा कोंडा खायचो. मी पोटुशी हाय हे मला तवाच कळलं. आत्याला ते कळलं तशी ती आपल्या वाट्याचं माझ्याकडं सारायची आन् वरनं शिव्याबी द्यायची. एका हातानं खाऊ घालायची, तोंडानं शाप द्यायची. असलं माणूस म्या दुसरं बघितलं न्हाई.

एक दिस तिला उठवंना. डोळं खोल गेलेले. माझा धीर सुटला. मनाशी म्हणाले, चल बाय, झालं तुझं, आता म्हातारीला जगव. उभी ऱ्हायले, काठ आत दुमडला. दोन बोटं, परत दोन बोटं. निऱ्या घातल्या, पाटी घेतली आन् चावडीकडं निघाले. महारवाड्याच्या हद्दीपातूर गेले. तितं पाय थांबले. फुडं टाकावा तर उचलंना. उन्हात बसून ऱ्हायले तितंच, किती येळ ते ठावं न्हाई. मंग उठले, काठ बाहेर काढला, रिकामी पाटी घेऊन घरी आले. आत्यानं पाटीकडं बघितलं. त्या दिशी तिनं नुसतं पाणी पिलं.

ती मेली ते माझ्यामुळं, असं गाव म्हणतं. माझ्यामुळं न्हाई असं मीबी छातीवर हात ठिवून म्हणू शकत न्हाई.

शेवटच्या दोन दिसांत तिला हुडहुडी भरली. तिचं लुगडं पार विरलेलं, हात लावला की फाटायचं. म्या माझं निळं लुगडं सोडलं, गोधडी गुंडाळून घेतली अंगाला, आन् आत्याला ते नेसवलं. सत्तर वर्साची असंल ती. जन्मात पहिल्यांदा तिच्या पायावर काठ आला. म्या काठ चांगला सरळ करून ठिवला, लाल, चार बोटं. म्हणाले, "आत्या, बघ. काठाचं नेसलीस."

तिनं बघितलं. मंग तिचा हात हळूहळू खाली सरकला. काटकीसारखी बोटं. त्या बोटांनी तिनं काठ चाचपला आन् आत दुमडायला लागली. घरात मी एकटी. दार लावलेलं. बघणारं कुणी न्हाई. तरी तिनं तेवढा हाताला आलेला काठ आत घातला, आन् दमून हात सोडून दिला.

"कोण बघतंय आत्या?" म्या इचारलं.

"आपन बघतु न्हवं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिशी दुपारी गेली. जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हणतात. आमच्या आत्याची मेल्यावरबी न्हाई गेली. काठ तसाच आत ऱ्हायला. म्या हात लावला न्हाई त्येला. बाहेर काढावा असं लई वाटलं, पर मेल्यावर काढून काय करू? मढ्याला काठ तर पाटीलबी देतो. तशीच पुरली तिला.

गाव म्या सोडलं न्हाई. चार महिन्यांनी पोरगी झाली. नवरा परत आला, गावाची भाकर वर्सा-दीड वर्सानं सुरू झाली, कारण मेलेली ढोरं ओढायला त्यांस्नी कुणी मिळंना. मी त्या भाकरीला कधी गेले न्हाई. मोलमजुरी केली, भोंगवलीपातूर जाऊन केली. काठ बाहेर ठिवून केली. वाटंत थुंकले लोक, दगड मारले, बाजारात अडवलं. आता थोडे कमी झालेत. थांबले न्हाईत.

पोरगी औंदा लुगडं नेसायला लागली. तिला म्या शिकवलं. कास्टा कसा घट्ट घालायचा, निऱ्या कशा मोजून घ्यायच्या, चालताना काठ कसा सारखा पडला पायजे. ती हुशार हाय, एका दिसात शिकली. मंग तिनं इचारलं, "आये, आजी काठ आत कसा घालायची गं? दाव की."

"मला न्हाई येत," म्या सांगितलं.

खोटं बोलले. मला येतं. डोळं मिटून येतं, झोपंतबी येईल. आत्यानं लई मायेनं शिकवलेलं हाय ते. पर ह्या पोरीच्या हाताला ते मी लागू देणार न्हाई. हिनं इचारलं, रडली, गावानं हिला खळ्यात उभं केलं तरी दावणार न्हाई. ते माझ्यासंगं मातीत जाईल.